संगणकाची पेटी : थोड्या पैशांत चांगली कशी निवडावी?

घरच्या घरी संगणक जुळवून घेण्याचा बेत ठरला, म्हणजे पैशांची वाटणी बहुधा एका ठराविक क्रमाने होते. आधी प्रोसेसर, मग मदरबोर्ड, मग मेमरी आणि साठवणुकीची डिस्क, त्यानंतर पडदा; आणि सर्वांच्या शेवटी, गाठीला जे काही उरेल त्यात, कॅबिनेट. कॅबिनेट म्हणजे हे सर्व सामान ज्यात बसवावयाचे ती पेटी. गावोगाव तिलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची रूढी पडली आहे. वस्तुतः सीपीयू म्हणजे आत बसणारा तळहातापेक्षाही लहान असा प्रोसेसर. पेटी हे केवळ त्याचे घर.

पेटी शेवटी घ्यावी, यात वावगे काही नाही. परंतु उरल्या पैशांत घ्यावयाची वस्तू बहुधा उरल्यासुरल्या विचाराने घेतली जाते, आणि तेथेच नुकसान होते. मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी वर्षभर पै पै साठवून यंत्र घ्यावे, आणि मे महिन्यात ऐन परीक्षेच्या अर्जाच्या दिवशी ते तापून आपोआप बंद पडावे, असे घडले म्हणजे दोष प्रोसेसरला दिला जातो. पुष्कळदा दोष असतो तो कोंदट पेटीचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रोसेसर चार-सहा वर्षांत जुना होतो, मेमरीचे प्रकार बदलतात; पेटी मात्र जुनी होत नाही. इंटेल कंपनीने १९९५ साली ‘एटीएक्स’ नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्डाची लांबीरुंदी, त्याच्या स्क्रूंची छिद्रे, मागील खाचा, वीज देणाऱ्या एसएमपीएसचा आकार, हे सर्व त्या मापात बांधलेले आहे. आणि आजही बाजारातील साध्या पेट्या त्याच मापावर चालतात. म्हणजे आज नीट पारखून घेतलेली पेटी या यंत्राला, त्यानंतरच्या यंत्राला आणि कदाचित धाकट्या भावंडाच्या यंत्रालाही पुरेल. म्हणूनच ती महाग नसावी, पण योग्य असावी.

या खेपेस आम्ही धार व देवास या बाजूची मराठी घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. पवारांच्या कारकिर्दीपासून तेथे मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. पुढे देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये आणि धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आणखी कितीतरी मंडळी गेली. त्या मुलखाची हवा विचारात घेतल्यावाचून तेथील पेटी निवडता येणार नाही. १९४८ साली पंडित कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यात कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहिले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. छातीला मानवणारी ती कोरडी हवा यंत्राला मात्र तितकीशी मानवत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ, उन्हाळ्यातील लू आणि दुपारचा चाळिसाच्या वर जाणारा पारा, या तिहींशी पेटीला झुंजावे लागते. जेथे जेथे ऊन व धूळ आहे, तेथील वाचकांनाही पुढील मजकूर उपयोगी पडेल.

आधी काम ठरवा

पेटी पाहण्यापूर्वी आत काय बसणार हे ठरले पाहिजे. अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब, शिकवणीची चित्रे पाहणे, एवढ्यासाठीच यंत्र हवे असेल, तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. असे यंत्र चालताना साठ वॉटच्या आसपास वीज खाते; म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याच्या एका गोळ्याइतकी. परंतु चित्रफितींची जुळणी, यंत्रांची रेखाटने किंवा मोठे खेळ यांसाठी वेगळे कार्ड बसविले, की तीच वीज दोनशे वॉटांवर जाते. यंत्राने घेतलेली ही सर्व वीज अखेर उष्णता होऊन पेटीत सुटते. ती बाहेर काढून देणे हे पेटीचे मुख्य काम. बाकीची कामे दुय्यम.

म्हणून साध्या यंत्राला लहान, साधी, दोन पंख्यांची पेटी पुरते. तेथे मोठी पेटी घेणे म्हणजे दोन माणसांच्या संसाराला वाडा बांधणे होय.

मापाचा विचार

देवासच्या गादीच्या जशा थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या, तशा मदरबोर्डांच्याही थोरल्या-धाकट्या पात्या आहेत. थोरला तो एटीएक्स, ३०५ मिलिमीटर लांब व २४४ रुंद. मधला मायक्रो-एटीएक्स, दोन्हीकडून २४४ मिलिमीटर. सर्वांत धाकटा मिनी-आयटीएक्स, १७० मिलिमीटरचा चौरस. थोड्या पैशांच्या बेतात बहुधा मधला बोर्ड घेतला जातो, कारण तो स्वस्त असतो व त्यात कामापुरती सोय असते.

मोठ्या बोर्डाच्या पेटीत लहान बोर्ड बसतो, लहानाच्या पेटीत मोठा बसत नाही. मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेणार असाल तर त्याच मापाची पेटी घेतल्यास जागा व पैसा दोन्ही वाचतात. पुढे बोर्ड मोठा घेण्याचा मानस असेल तर मध्यम उंचीची एटीएक्स पेटी घ्यावी. अगदी धाकट्या आयटीएक्स पेटीच्या मोहात मात्र पडू नये. ती दिसते गोजिरवाणी. परंतु तिच्यासाठीचे बोर्ड महाग पडतात, आणि उन्हाळ्यात तेवढ्याशा जागेत उष्णता साचते.

आणखी दोन मापे विचारून घ्यावी. ग्राफिक्स कार्ड बसवावयाचे असेल तर त्याची लांबी. दोन पंख्यांची कार्डे २०० ते २५० मिलिमीटर भरतात, तीन पंख्यांची ३०० च्या पुढे जातात. दुसरे माप प्रोसेसरवर बसणाऱ्या थंडकाचे, म्हणजे कूलरचे. प्रोसेसरसोबत डब्यात येणारा कूलर बुटका असतो, त्याची चिंता नाही. परंतु उभा मनोऱ्यासारखा कूलर १५५ ते १६० मिलिमीटरपर्यंत उंच असतो आणि अरुंद पेटीचे झाकणच लागत नाही. पेटीच्या खोक्यावर ही मापे छापलेली असतात. ती कागदावर उतरवून घ्यावी. अंदाजावर विसंबू नये.

वारा : सर्वांत महत्त्वाची बाब

बाजारात आज ज्या पेट्या डोळ्यांत भरतात, त्यांच्या पुढच्या तोंडाला अखंड काच असते व आत रंगीत दिवे फिरत असतात. काचेतून वारा जात नाही. मग दोन्ही कडांना बोटभर फट ठेवतात आणि तीतून आत तीन पंखे हवा ओढू पाहतात. तोंड बांधून धावावयास लावलेल्या माणसासारखी त्या यंत्राची गत होते.

याचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. दोनशे वॉट उष्णता सोडणाऱ्या यंत्रातून मिनिटाला पन्नास घनफूट हवा वाहिली, तर बाहेर पडणारी हवा खोलीच्या हवेपेक्षा सुमारे आठ अंश सेल्सिअसने गरम असते. तीच हवा मिनिटाला पंधरा घनफूटच वाहिली, तर हा फरक सव्वीस अंशांवर जातो. आता खोलीतच बेचाळीस अंश असतील, तर पहिल्या पेटीतून पन्नास अंशांची हवा बाहेर पडेल, आणि दुसरीतून अडुसष्ट अंशांची. प्रोसेसर त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. तो शंभर अंशांच्या आसपास पोचला म्हणजे स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद करतो. पैसे मोजून घेतलेला वेग अशा रीतीने काचेपायी वाया जातो.

कितीही पंखे लावले तरी साधी पेटी आतील भाग खोलीहून थंड करू शकत नाही, हेही जाणून असावे. खोलीची हवा आत-बाहेर खेळती ठेवणे, एवढेच तिच्या हाती आहे. म्हणून पुढचे तोंड जाळीचे असलेली पेटी निवडावी. पुढे निदान एक आणि मागे एक असे १२० मिलिमीटरचे पंखे असावे किंवा बसविण्याची सोय असावी. पुढचा पंखा हवा आत घेईल, मागचा बाहेर टाकील. पंखा कोणत्या बाजूला वारा टाकतो याचा घोळ होतो. कागदाची पातळ पट्टी जवळ धरली की क्षणात कळते.

स्वस्त पेट्यांतील काही पंख्यांची वायर मदरबोर्डाला न जोडता थेट एसएमपीएसच्या वायरीला जोडावी लागते. असा पंखा रात्रंदिवस एकाच गतीने घरघरत राहतो. तीन वा चार टाचण्यांच्या लहान जोडणीचा पंखा बोर्डाला जोडला, तर थंडीत हळू व उन्हाळ्यात वेगाने फिरतो. एवढे दुकानात विचारून घेण्यास पैसे पडत नाहीत.

मुलांना रंगीत दिवे आवडतात, यात त्यांचे काही चुकत नाही. स्वतःच्या हाताने जुळविलेले यंत्र सुरेख दिसावे ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि वडिलांनी तिची टर उडवू नये. त्यांना एवढेच समजावून सांगावे की, दिवे मागाहून लावता येतात. वाऱ्याची वाट मागाहून काढता येत नाही.

धुळीचा बंदोबस्त

जाळीचे तोंड म्हटले की लगेच शंका येते : मग धूळ आत जाणार नाही का? जाईल, परंतु ती कोठून जाते हे आपल्या हाती ठेवता येते. पेटीत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक असली, तर आतला दाब वाढतो व प्रत्येक फटीतून हवा बाहेर पडू पाहते. मग धूळ फक्त पुढच्या पंख्यांच्या वाटेने येते, आणि तेथे गाळणी असली की अडते. याउलट, बाहेर टाकणारे पंखेच अधिक असले तर पेटी प्रत्येक भेगेतून धूळ ओढीत राहते. म्हणून पुढे दोन व मागे एक, ही मांडणी मालव्यासारख्या धुळीच्या मुलखात उत्तम.

गाळणी सहज निघणारी असावी. स्क्रू काढून काढावी लागणारी गाळणी कोणी धूत नाही. पावसाळ्यात व हिवाळ्यात महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती पाण्याने धुवावी व पूर्ण वाळल्यावरच बसवावी. पेटीला गाळणी नसेल तर खिडकीला लावतात त्या मच्छरजाळीचा तुकडा चालतो. मात्र कापड लावू नये, त्याने वाराच कोंडतो.

आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पाली, झुरळे आणि उंदीर. पेटीच्या मागे कार्डांसाठी खाचा असतात व त्यांवर पत्र्याच्या पट्ट्या असतात. स्वस्त पेट्यांत या पट्ट्या मोडून काढावयाच्या असतात, आणि एकदा मोडल्या की परत बसत नाहीत. जेवढी लागेल तेवढीच मोडावी. उघडी राहिलेली खाच म्हणजे पालीला दिलेले आमंत्रण होय.

पत्र्याची पारख

धार येथे १४०५ साली बांधलेल्या लाट मशिदीजवळ एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. त्यांचे एकूण वजन सात टनांहून अधिक भरते, आणि शतकानुशतके ऊन-पाऊस सोसूनही ते गंजून गेलेले नाहीत, कारण ते लोखंडच वेगळ्या घडणीचे आहे. अशा गावच्या लोकांस निराळे सांगावयास नको की, नुसते लोखंड म्हणून भागत नाही, कोणते व किती हेही पाहावे लागते.

अगदी हलक्या पेट्यांचा पत्रा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. तो पंख्याबरोबर थरथरतो, वाहतुकीत वाकतो, आणि मग झाकणाची छिद्रे जुळत नाहीत. सहा ते आठ दशांश मिलिमीटरचा पत्रा घरच्या वापराला पुरेसा होतो. जाडी मोजण्याचे साधन नसले तरी हात आहेत. बाजूचे झाकण मध्ये दाबून पाहावे. पापडासारखे लवत असेल तर सोडून द्यावे. पेटी सपाट टेबलावर ठेवून कोपऱ्यांवर दाब द्यावा. डगडगत असेल तर सांगाडा तिरका आहे. आतील कडांवरून बोट हलकेच फिरवावे. काठ दुमडलेले नसतील तर जुळणी करताना हात कापेल.

बाजूचे झाकण काचेचे की पत्र्याचे, असा प्रश्न पडल्यास थोड्या पैशांत पत्र्याचेच घ्यावे. कडक केलेली काच मध्यभागी मजबूत असते, पण तिचा कोपरा लादीवर टेकला की क्षणात तिचा चुरा होतो. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे तर पत्राच बरा.

पेटीसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस

येथे आम्ही वाचकांना विशेष सावध करू इच्छितो. कमी किमतीच्या पुष्कळ पेट्या ‘एसएमपीएससहित’ विकल्या जातात. घरगुती वीज घेऊन यंत्राच्या नाजूक भागांना योग्य त्या दाबाची वीज पुरविणारा डबा तो एसएमपीएस. पेटीबरोबर फुकट आलेला असा डबा बहुधा अंगाने हलका असतो, आणि त्याच्या अंगावर ४५० चा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो आकडा बाजूला ठेवून चिठ्ठीवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि गुणाकार करावा. समजा १७ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १७, म्हणजे २०४ वॉट. आजच्या यंत्राचे बहुतेक काम याच १२ व्होल्टवर चालते. म्हणजे ४५० हे नाव, आणि २०४ ही खरी कुवत.

एसएमपीएस बिघडला तर तो एकटा जात नाही. बोर्ड व डिस्कही बरोबर नेऊ शकतो. म्हणून पेटी रिकामी घ्यावी व एसएमपीएस वेगळा, ‘८० प्लस’ अशी खूण असलेला घ्यावा. घेतलेल्या विजेपैकी निदान शेकडा ऐंशी भाग कामी लावण्याची परीक्षा तो उतरला आहे, असा त्या खुणेचा अर्थ. पैसे कमी पडत असतील तर पेटीत काटकसर करावी, यात करू नये.

याच संदर्भात अर्थिंगची गोष्ट सांगितली पाहिजे. पेटीला हात लावताच बोटांना मुंग्या येतात, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते, आणि लोक पेटी बदलून आणतात. पेटी बहुधा निर्दोष असते. एसएमपीएसमधील गाळणीतून अगदी थोडी वीज पत्र्यावर येत असते, ती तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जावी अशी योजना आहे. घरात अर्थिंगच नसेल तर ती आपल्या हातात येते. अशा वेळी रबरी चपला घालून निभावून नेऊ नये. वायरमनकडून अर्थिंग नीट करून घ्यावे. हा खर्च साऱ्या घराच्या सुरक्षिततेचा आहे.

जुनी पेटी चालेल का?

अवश्य चालेल, आणि सर्वांत स्वस्त मार्ग हाच. एटीएक्स मापाची जुनी पेटी एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर पडून असेल, तर ती मागून घ्यावी. गंज, वाकलेला सांगाडा, मागे पंख्याची जागा आणि पुढे हवेची वाट, एवढे पाहावे. पुढचे तोंड बंद असेल तर प्लास्टिकचा मुखवटा काढून तेथे जाळी बसविता येते. मात्र कचेऱ्यांतून निघालेल्या मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांच्या पेट्या घेताना जपावे. त्यांतील बोर्ड व एसएमपीएस पुष्कळदा त्या कंपनीच्या स्वतःच्या आकाराचे असतात, आणि बाजारचा बोर्ड त्यांत बसत नाही. जुन्या पेटीचे चालू करण्याचे बटण निकामी झाले असेल तर रीसेट बटणाची वायर त्याच्या जागी जोडावी; काम भागते.

दुकानात

देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठाच्या पुढे. तेथे रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाच्या सामानाची बरीच दुकाने एकत्र आहेत. टपालाने मागविलेली पेटी घरपोच येते खरी, परंतु आकाराने मोठी व पत्र्याने पातळ वस्तू वाटेत चेपण्याचा संभव अधिक. जाऊन, हात लावून घेतलेली बरी. बरोबर मोजपट्टी व मापांचा कागद न्यावा. दोन-तीन दुकानांत भाव विचारावा, पक्के बिल घ्यावे, आणि खोके उघडून पेटी तेथेच पाहावी. आमच्या मते एकूण रकमेच्या दहाव्या भागाहून अधिक पेटीवर घालवू नये. त्याच्या आतही चांगली पेटी मिळते.

घरी आणल्यावर

बोर्ड बसविण्यापूर्वी पेटीतील पितळी खुंट्या मोजाव्या. बोर्डाला जेथे छिद्र आहे तेथेच खुंटी हवी. भलत्या जागी राहिलेली एक खुंटी बोर्डाच्या मागून टेकली तर शॉर्ट होऊन बोर्ड जळू शकतो. पेटी फरशीवर न ठेवता वीतभर उंच लाकडी पाटावर ठेवावी, म्हणजे केरसुणीची धूळ व पुसण्याचे पाणी लागणार नाही. टेबलाच्या बंद कपाटात ती कोंडू नये. मागे निदान चार बोटे जागा सोडावी. उन्हाळ्यातील पाण्याच्या कूलरचा झोत थेट पेटीवर घेऊ नये, कारण त्याबरोबर ओल व क्षार आत जातात. विणलेले आच्छादन घालावयाचे ते यंत्र बंद केल्यावर. चालू यंत्रावर घातलेली शोभेची चादर त्याचा श्वास कोंडते. साफ करताना आधी वायर भिंतीतून काढावी, पंख्याची पाती बोटाने धरावी आणि मऊ ब्रशाने धूळ झाडावी.

थोडक्यात सांगावयाचे तर, पुढे जाळी, पुढे-मागे पंखे, धुता येईल अशी गाळणी, न लवणारा पत्रा आणि आपल्या बोर्डाचे माप, या पाच गोष्टी ज्या पेटीत आहेत ती घ्यावी. मग ती काळी असो, दिसावयास साधी असो, की तिच्यात एकही दिवा नसो. ती टेबलाखाली मुकाट्याने आपले काम करीत राहील. यंत्र जुळविताना मात्र मुलामुलींना पेचकस हाती द्यावा व वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावे. स्वतःच्या हाताने बसविलेल्या वस्तूची निगा मुले न सांगता राखतात, आणि एका साध्या पेटीतून एवढे शिक्षण मिळाले तर ती महाग पडली असे कोण म्हणेल?